हेल ऐकून काम काढून घेतलं तर?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली. शाळा मराठीतून, कॉलेज बेळगावात. सध्या पुण्यात एका कंपनीत ग्राहकांचे कॉल घेते. 'मी येतो', 'सांगा की' असं तोंडून निघालं की सहकारी नक्कल करतात. आता मोठ्या ग्राहकांच्या मीटिंग साहेबांनी दुसऱ्याकडं दिल्या. कारण विचारलं तर म्हणाले, "तुझा टोन गावाकडचा वाटतो." भांडण न करता काय करता येईल?

उत्तर : बायकांनी 'मी येतो' म्हणणं बेळगाव-कोल्हापूरकडं सर्रास चालतं. ती चूक नाही, त्यामुळं नकलेपुढं ओशाळू नका. "आमच्याकडं असंच बोलतात" एवढंच म्हणा आणि लगेच कामाचं बोला. तिथं सीमाभागाचा इतिहास सांगत बसलात तर त्याचीही नक्कल होईल. हसण्यात सामीलही होऊ नका, नाहीतर पुढं तक्रार केल्यावर "तिला चालत होतं" असं ऐकावं लागतं.

काम जाणं जास्त गंभीर. साहेबांना एकटं गाठून विचारा, "कुठल्या कॉलमध्ये, माझं कुठलं वाक्य ग्राहकाला कळलं नाही?" उदाहरण मिळालं तर त्यावर मेहनत घ्या. मिळालं नाही, तर प्रश्न समजण्याचा नसून आवडीनिवडीचा आहे, आणि त्यापायी काम काढून घेणं अन्यायच आहे.

स्वतःची खात्रीही करून घ्या. नेहमीची माहिती दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा (ग्राहकाचा कॉल कंपनीबाहेर नेऊ नका) आणि आपल्या भागाबाहेरच्या माणसाला ऐकून लिहून काढायला सांगा. तो अडतो ते बहुधा हेलामुळं नाही, तर वेगामुळं, वाक्याचा शेवट गिळल्यामुळं, नाहीतर सलग म्हटलेल्या आकड्यांमुळं. आकडे तुकड्यांनी सांगा, रक्कम सांगून क्षणभर थांबा. हेल पुसायच्या मागं लागलात तर सगळं लक्ष उच्चारात अडकतं आणि मुद्दा निसटतो.

साहेबांशी बोलणं झालं की त्याच दिवशी मेल करा : "आज आपण टोनचं कारण सांगितलंत. सुधारणेसाठी नेमकी उदाहरणं द्यावीत आणि महिन्याभरानं पुन्हा एक मीटिंग द्यावी ही विनंती." तारीख, बोललेले शब्द, हजर माणसं आणि गेलेलं काम यांची नोंद ठेवा. 'मला वाईट वाटलं' एवढ्यावर एचआर सहसा हलत नाही. अमुक काम अमुक कारणानं गेलं, हे लेखी असलं की उत्तर द्यावंच लागतं.

राज्यघटनेच्या कलम 16(2) नुसार जन्मस्थान किंवा रहिवास यावरून भेदभाव करायला मनाई आहे, पण ती सरकारी नोकरीपुरती. तुमची कंपनी खासगी असल्यानं तक्रारीत तिच्याच आचारसंहितेतला भेदभावाचा नियम शोधून त्याचा क्रमांक लिहा.