पगार दोन, तरी पंचवीस तारखेला खडखडाट

“दोघंही कमावतो, उधळपट्टी नाही, तरी पंचवीस तारखेनंतर खात्यात खडखडाट. पैसे जातात कुठे?” हा प्रश्न माझ्याकडे बहुतेकदा भांडण होऊन येतो. बदलापूरचं हे जोडपंही तसंच आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्याच्या मते बायको मोबाइलवरून सारखं काहीतरी मागवते. तिच्या मते दर रविवारी हॉटेलात जायचा हट्ट त्याचा.

त्याच्या हातात 52 हजार येतात, तिला खासगी शाळेत 24 हजार. म्हणजे 76 हजार. त्यातले घराच्या हप्त्याला साडेएकवीस, म्युच्युअल फंडाच्या एसआयपीला (दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक) पाच आणि क्रेडिट कार्डाला तीन हजार दोनशे. किराणा, दूध-भाजी, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज-गॅस, लोकलचे पास, गावी सासू-सासऱ्यांना पाठवायचे, औषधं आणि भांडणातलं ते हॉटेल-मागवामागवीसुद्धा धरून खर्च 36 हजार तीनशे. बेरीज दोनदा तपासली. दरमहा दहा हजार उरायला हवेत. दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू ते दहा हजार मीच लपवले!

मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, जानेवारीपासून सुरुवात करा. महिन्याच्या यादीत नाही, पण वर्षातून एकदा-दोनदा येतंच, ते लिहा. पहिल्यांदा दोघं गप्प. मग तिला जून आठवला. शाळेची फी, जून आणि नोव्हेंबर मिळून 56 हजार. मार्चमध्ये विम्याचा हप्ता 31 हजार. गौरी-गणपतीला संगमेश्वरला जाणं-येणं आणि तिथला खर्च 18. दिवाळी 20. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग नऊ, घरपट्टी-पाणीपट्टी सहा, लग्नामुंजींचे आहेर पंधरा. एकूण एक लाख 55 हजार, म्हणजे महिन्याला जवळपास तेरा हजार.

“हे अचानक येतात हो,” तो म्हणाला.

“गणपती अचानक येतात?” मी विचारलं. ती हसली, त्या तासात पहिल्यांदाच.

उरत होते दहा, लागत होते तेरा. त्यात ते दहाही बाजूला न ठेवल्याने आधीच इकडेतिकडे विरघळायचे आणि जून उजाडला की कार्ड पुढे व्हायचं. दोन वर्षांत कार्डावर 64 हजार साचले होते. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम, वेळेवर भरतो म्हणून तो निर्धास्त होता. त्याचंच स्टेटमेंट उघडलं: व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी. भरलेल्या 3,200 पैकी साधारण 2,640 व्याज-करातच जात होते. शिवाय जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. हे त्याला नवीन होतं. आणि दुसरीकडे “बाजारात बारा टक्के मिळतील” म्हणून एसआयपी सुरू! वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज भरत बारा टक्क्यांची आशा करायची, हा हिशोब मला कधी पटलेला नाही.

तिच्या नावावर 90 हजारांची एफडी (मुदत ठेव) होती. आईने दिलेली. “ती मोडणार नाही,” तिने आधीच बजावलं. त्याचा चेहरा पडला, पण मला तिचं म्हणणं रास्त वाटलं. स्त्रीधनाला हात लावून वाचवलेलं व्याज पुढे घरात वेगळ्या रूपात वसूल होतं, हे मी पाहिलंय. सुदैवाने एफडी न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं, सहसा एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने. ती राजी झाली, पण एका अटीवर: हप्ता त्याच्या पगारातून जाईल. 64 हजार उचलून कार्ड शून्यावर आणलं. एसआयपी तात्पुरती थांबवली. एसआयपीचे पाच हजार आणि कार्डाचे 3,200 मिळून दरमहा 8,200 या कर्जाकडे वळवले. आठ-नऊ महिन्यांत ते फिटेल.

राहिला तीन हजारांचा खड्डा. त्यात मी बोलले नाही. त्यांनी वीस मिनिटं घासाघीस केली. दिवाळीला पडदे-सोफाकव्हर नाही, आहेराला मर्यादा, गणपतीला खासगी गाडीऐवजी एसटी. वर्षाचा आकडा एक लाख 30 हजारांवर, म्हणजे महिन्याला अकराच्या आत आला. उरणाऱ्या दहाच्या वरचे एक हजार हॉटेल आणि मागवामागवीतून, निम्मे-निम्मे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी अकरा हजार आपोआप वेगळ्या बचत खात्यात जातात. त्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही आणि डेबिट कार्डही घेतलेलं नाही.

परवा दोघं पुन्हा आले. जूनची फी कार्डाविना भरली गेली होती. आता त्याचा प्रश्न, कर्ज फिटल्यावर 8,200 चं काय करायचं? घराचा हप्ता धरून त्यांचा महिन्याचा खर्च आता सुमारे 57 हजार. आधी तीन महिन्यांचे, म्हणजे साधारण एक लाख 70 हजार, अडीअडचणीसाठी साठवा, एसआयपी त्यानंतर, असं मी सांगितलं. त्याला दोन्ही एकदम हवंय. फंड कोणता, हे मात्र सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा, म्हटलं. ते माझं काम नाही. तिच्या मावसबहिणीच्या लग्नाच्या आहेरावरून अजून एकमत झालेलं नाही, त्यासाठी पुढच्या शनिवारची वेळ घेऊन गेलेत.