चित्रकार एकाच माध्यमात का टिकत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हल्लीचे नावाजलेले कलाकार आज कॅनव्हास, उद्या व्हिडिओ, परवा दोऱ्यांचं भेंडोळं असं करत का फिरतात? एकाही माध्यमावर हात बसलेला नाही, याचंच हे लक्षण नव्हे का? आणि जाता जाता असंही विचारलंय की दोन वर्षं फक्त जलरंग करतोय, तर मीही काही बदलून बघावं का.

काही जणांच्या बाबतीत तुमचा संशय खरा आहे, हे आधी मान्य करते. 'मिश्र माध्यम' अशी चिठ्ठी लावलेली बरीच कामं बघून मीही मुकाट्यानं पुढे सरकते. वाळू, तार आणि एक जुना टीव्ही. तिन्हींतलं एक उचलून नेलं तरी कुणाला कळणार नाही, मग ते तिथे होतंच कशाला?

पण सगळ्यांना एकाच तागडीत टाकू नका. मी स्वतः चित्रं काढते आणि दुसऱ्याचं काम बघताना मनाशी एक साधा प्रश्न विचारते: इथे हात चुकला तर पुढे काय होतं? तैलरंगात चूक वाळू देऊन वरून रंगवता येते. जलरंगात ती कागदात मुरते, तिला घेऊनच पुढे जावं लागतं. माध्यम बदललं की चुकीशी असलेलं नातं बदलतं, आणि बरेच चांगले कलाकार त्या नात्यापायीच माध्यम बदलतात असं माझं मत आहे.

विल्यम केंट्रिज बघा. दक्षिण आफ्रिकेतले, जोहान्सबर्गचे, जन्म १९५५. हा माणूस कोळशानं रेखाटन करतो, चालत कॅमेऱ्यापाशी जातो, एकदोन फ्रेम घेतो, परत कागदापाशी येऊन थोडं खोडतो, थोडं नव्यानं काढतो, पुन्हा कॅमेऱ्यापाशी. अ‍ॅनिमेशनसाठी एरवी हजारो वेगळी चित्रं लागतात; यांची अख्खी फिल्म काही डझन कागदांवर होते, कारण तोच कागद पुन्हा पुन्हा वापरला जातो. आता कोळसा कितीही घासून पुसा, करडा डाग राहतोच. त्यामुळे पडद्यावर माणूस चालत पुढे गेला की त्याच्या मागे त्याच्याच आधीच्या पावलांचं धुरकट भूत उरतं. १९९४ च्या 'फेलिक्स इन एक्झाइल'मध्ये मेलेली माणसं जमिनीवर पडलेली दिसतात, वर्तमानपत्रांनी झाकली जातात आणि हळूहळू त्या माळरानातच विरून जातात. वर्णद्वेषी राजवट संपून निवडणूक होत होती, तो हा काळ. झालेलं विसरून जायची घाई आणि न पुसला जाणारा डाग, दोन्ही एकाच खोडरबरातून आलंय. हेच गुळगुळीत संगणकी अ‍ॅनिमेशनमध्ये केलं असतं तर नुसती गोष्ट उरली असती. केंट्रिज पुढे ऑपेरा दिग्दर्शित करतात, गालिचे विणून घेतात, शिल्पं करतात. पण कोळसा त्यांच्या हातातून सुटलेला मला तरी दिसत नाही.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे उलट बाजूनं रंगवणं. भारतीय चित्रकार नलिनी मलानी मायलारच्या (एक पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पत्रा) मोठ्या नळकांड्यांवर आतून चित्र काढतात. ती टांगून संथ फिरवतात, त्यांच्यातून प्रकाश सोडतात आणि भिंतींवर सावल्या एकमेकींत मिसळत राहतात. २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांनी असं एक मोठं काम मांडलं होतं. फोटो बघून मला वाटलं, यात काय एवढं! अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्याचा एक तुकडा आणला आणि बसले चेहरा काढायला. तेव्हा कळलं की सगळा क्रमच उलटा आहे. डोळ्यातला चमकीचा ठिपका, जो एरवी आपण सगळ्यात शेवटी ऐटीत देतो, तो इथे सगळ्यात आधी. मग बाहुली, मग बुबुळ, मग पांढरं, मग पापणीची कड, मग कातडीचा रंग आणि अगदी शेवटी पार्श्वभूमी. मी बाहुली जरा मोठी काढली. कातडीपर्यंत पोचले, तुकडा उलटा करून पुढून बघितलं, तर बाई दचकल्यासारखी बघतेय. सुधारायचं तर मागचं सगळं खरवडायचं. कोळसा चूक लक्षात ठेवतो. इथे चुकीला वाटच नाही, चित्र मनात पूर्ण झाल्याशिवाय पहिला ठिपकाही देता येत नाही. गंमत म्हणजे त्याच मलानी अलीकडे आयपॅडवर नुसत्या बोटानं छोटी अ‍ॅनिमेशन्स करतात, झरझर आणि चिडून केल्यासारखी.

आयपॅडवरून आठवलं, ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी. १९८० च्या दशकात पोलरॉइड फोटो शेजारी शेजारी लावून चित्रं केली, पुढे फॅक्सवरून चित्रं पाठवली, २००९ मध्ये आयफोनवर आणि पुढच्याच वर्षी आयपॅडवर काढायला लागले. आता आयपॅडवर चूक म्हणजे एक टिचकी, की झाली नाहीशी. पण ते वापरत ते अ‍ॅप चित्र कसं घडत गेलं हे पहिल्या रेघेपासून चालवून दाखवतं, आणि हॉकनींनी तेही प्रदर्शनात लावलं. आधी काढलेलं नंतर कसं झाकलं गेलं, हे लोकांसमोर उघड. फिरून कोळशापाशीच आलो की!

हात बसण्याचं म्हणाल तर गेरहार्ट रिख्टर या जर्मन चित्रकाराचं काम नीट बघा. १९६० च्या दशकात ते फोटोवरून हुबेहूब चित्रं रंगवत आणि ओल्या रंगावरून कोरडा ब्रश ओढून ती धूसर करत. पुढे मोठमोठ्या अमूर्त चित्रांवर ते रंगानं माखलेली लांब पट्टी दाबून ओढायला लागले. खालचे थर कुठे फाटून वर येतात, कुठे गाडले जातात. लोकांना हे दोन वेगळे रिख्टर वाटतात. मला तीच ती ओढ दिसते, फक्त ब्रशची पट्टी झाली. जर्मनीतल्या कलोन शहराच्या कॅथेड्रलची त्यांची खिडकी मात्र (२००७, ७२ रंगांच्या सुमारे ११,५०० काचा, रंगांची मांडणी बरीचशी संगणकानं चिठ्ठ्या टाकल्यासारखी ठरवलेली) मला अजून या हिशोबात बसवता आलेली नाही.

भारतीय कलाकार शीला गौडा मूळच्या तैलरंगातल्या. नव्वदच्या दशकात त्यांनी शेण हाती घेतलं, मग सुया, दोरा आणि कुंकू. असंख्य सुयांतून ओवलेला दोरा कुंकवानं माखून त्याचा लांबलचक लाल दोर केला, सुयांचा झुपका टोकाला तसाच लोंबता. घानाचे शिल्पकार एल अनात्सुई आधी लाकडावर यांत्रिक करवत चालवत. गेली पंचवीसेक वर्षं ते दारूच्या बाटल्यांची अ‍ॅल्युमिनियमची झाकणं चेपून तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडतात आणि भिंतभर पडदे करतात. ते कसे टांगायचे, चुण्या कुठे पाडायच्या, हे लावणाऱ्यांवर सोडून देतात. म्हणजे माझा प्रश्न तिथे लागूच होत नाही, चुकीचं टांगणं असं काही नाहीच. २०१५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा 'सुवर्णसिंह' पुरस्कार मिळाला.

आता तुमच्या जलरंगांचं. दोन वर्षं म्हणजे काही फार नाही, पण कंटाळा आला असेल तर तो नेमका कशाचा आहे ते बघा. डाग परत उचलता येत नाही याचा वैताग येतो? मग महिनाभर कोळसा करा. उलट, तुम्ही विचार न करता रंग ओतत सुटता असं वाटतंय? मग अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणा आणि डोळ्यातल्या ठिपक्यापासून सुरुवात करा. नुसतं नवीन काहीतरी हवंय म्हणून सामान आणू नका, माझ्याकडे असं एक कपाट भरलंय.

कोळसा घेतलात तर कागद जाड घ्या, पातळ कागद चौथ्या खोडण्याला भुसा सोडतो. आणि फिक्सेटिव्ह (कोळसा कागदाला धरून ठेवणारा फवारा) शेवटीच मारा, एकदा मारलं की खालचं नीट खोडता येत नाही.