वाचकांचे प्रश्न : घुमणारी खोली

प्रश्न : गावातील घरात 10 बाय 12 फुटांची सिमेंटची खोली चित्रपटांसाठी राखली आहे, पण संवाद घुमतात. मोठे स्पीकर घ्यावेत का?
– एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : घेऊ नयेत, उघड्या भिंतींवरून आवाज परततो आणि शब्द एकमेकांत मिसळतात, हा दोष खोलीचा आहे. आधी जाड सतरंजी अंथरावी. मग आपल्या नेहमीच्या जागी बसून दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगावे, आणि आरशात स्पीकर दिसेल तेथेच (तेथूनच त्याचा आवाज परतून आपल्याकडे येतो), विजेच्या बोर्डापासून दूर, चार इंच जाडीची पिंजलेल्या कापसाची गादी लाकडी चौकटीत बसवून लावावी. कापूस तर आपल्या दारचाच आहे. थर्मोकोलवर पैसे घालवू नयेत, तो आवाज फारसा शोषत नाही. 12 फुटांच्या लांबीत सुमारे 47 हर्ट्झचा (सेकंदाला 47 कंपनांचा) खर्ज, म्हणजे खोल आवाज, साचतो, तो गादीने शमत नाही. त्यासाठी सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, कोपऱ्यातून हलवून पाहावा. संवादांसाठी मधला स्पीकर उत्तम घ्यावा, बाकीचे लहान चालतील.