स्वसंरक्षणासाठी क्राव मागा, बॉक्सिंग की एमएमए: नेमकं काय शिकावं?

नावावर जाऊ नका, वर्गात रोज काय करून घेतात ते बघा. समोरचा जीव तोडून प्रतिकार करतो, असा सराव होतो का? जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची शाळा काढली तेव्हा रांदोरीवर, म्हणजे मोकळ्या झटापटीवर, भर दिला तो याचसाठी.

साधं उदाहरण घ्या. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूने हिसका देऊन सोडवायचं, हे पाच मिनिटांत शिकता येतं. पण जोडीदार खरंच ओढायला लागला आणि त्याचा दुसरा हात तुमच्या कॉलरवर आला, की तोच डाव फसतो. तिथे तोल सांभाळणं आणि पाय हलवणं कामी येतं, आणि ते महिनोन्महिने घाम गाळूनच अंगात मुरतं.

माझं मत विचाराल तर एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकडी यांचा मिश्र प्रकार, निवडा, किंवा बॉक्सिंग आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवर पकडून शरण आणायची कला) असं जोडीने शिका. १९९३ च्या पहिल्या यूएफसी या लढतींच्या स्पर्धेत सडपातळ जिउ-जित्सूपटू रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना शरण आणलं, ते जमिनीवरच्या पकडीच्या जोरावर. रस्त्यावर मात्र खाली रेंगाळू नका. हल्लेखोराचा साथीदार आला तर डोकं लाथेच्या टप्प्यात असतं. म्हणून पडल्यावर झटकन उठायचं कसं, हे सरांकडून आधी घोटून घ्या.

क्राव मागाचा, म्हणजे इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीचा, चांगला वर्गही चालेल, पण तिथे स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची झुंज, हवंच. आणि चाकू दिसला तर पळा, कितीही शिकला असाल तरी.