कथेतला नायक आणि घरातला माणूस

तुझी पहिली प्रेमकथा वाचली. नाशिकच्या सोमेश्वरचा धबधबा झकास उतरलाय. पण एक गोष्ट मनापासून सांगते. नायिकेने दोनदा ‘नाही’ म्हटल्यावरही नायक कॉलेज रोडवर रोज तिच्या मागे येतो आणि तू त्याला निष्ठा म्हणतेस. असा पाठलाग २०१३ पासून कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लागतं, पहिल्याच वेळी ३ वर्षांपर्यंत कैद!

कथेला ताण लागतो, मान्य. पण कथेत गोड वाटणारा मत्सर खऱ्या घरात आधी मोबाइल तपासतो, मग मैत्रिणी तोडायला लावतो. म्हणून ताण बाहेरून आण. अवकाळीने निफाडकडची द्राक्षबाग झोपलीय, दोघं कर्जाचा हिशेब घेऊन बसलीत. तिचं म्हणणं त्याला पटत नाही, तरी तो मध्ये न तोडता ऐकतो. हा प्रसंग लिहून बघ. माझ्या संसारात मला प्रेम दिसलं ते भांडणानंतर ‘जेवलीस का?’ असं आधी कोण विचारतं त्यात.

आणि तुझ्या नायिकेला एक मैत्रीण दे गं. दोघी सार्वजनिक वाचनालयातून उशिरा परतू देत, त्याने जाब न विचारता.