मुंबई सिटीचं मिडफिल्ड गेलं कुठं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

आयपीएलचे दिवस असूनही ह्या महिन्यातली बहुतेक पत्रं फुटबॉलवर आली, आणि त्यातली जवळपास सगळी इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) आपल्या मुंबई सिटी क्लबवर. साहजिक आहे, 2024-25 चा सीझन ज्या पद्धतीनं संपला त्यानंतर सगळ्यांच्याच मनात काहीतरी साठलंय. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

प्रश्न: दादा, 4 मे 2024 ला आपण कोलकात्यात जाऊन मोहन बागानला हरवलं आणि कप आणला. 29 मार्च 2025 ला बेंगळुरूनं आपल्याला 5-0 नी घरी पाठवलं. वर्षसुद्धा झालं नाही हो मधे! एवढं काय बिघडलं? कोच क्रात्कीला काढायला नको का? – एक वाचक, डोंबिवली

राग समजतो, ती मॅच बघताना तिसऱ्या गोलनंतर मलापण टीव्ही बंद करावासा वाटत होता. पण पेत्र क्रात्कीला काढून काही होणार नाही असं माझं ठाम मत आहे, कारण ही 5-0 मार्चमध्ये झालेलीच नाही, ती 2024 च्या उन्हाळ्यात झाली. कप जिंकल्यावर थोड्याच दिवसांत टीम सुटायला लागली. मिडफिल्डर अपुइया मोहन बागानला गेला. कॅप्टन राहुल भेके बेंगळुरूला, आल्बर्टो नोगेरा बेंगळुरूला, आणि होर्हे पेरेरा दियाझ, ज्यानं त्या फायनलमध्ये 1-0 नी मागे असताना बरोबरीचा गोल मारला होता, तोपण बेंगळुरूला. आता त्या पाच गोलमधला शेवटचा कुणी मारला आठवतंय का? दियाझनंच. ज्यांच्याशी नॉकआउट खेळायचं त्यांनाच आपण एकाच उन्हाळ्यात तीन माणसं दिली, ह्यात कोचचा काय दोष.

सगळ्यात जास्त लागलं ते अपुइयाचं जाणं, आणि ते का ते नीट सांगतो कारण बरेच जण म्हणतात की एक तर मिडफिल्डर गेला, दुसरा आणू. आयएसएलमध्ये मैदानात एका वेळी चारच परदेशी चालतात. म्हणजे अकरातले किमान सात भारतीय. आता भारतात विंगर मिळतात, सेंटर बॅक मिळतात, बरे गोलकीपर मिळतात, पण मधे उभा राहून पाठीवर माणूस असताना बॉल घेणारा, वळणारा आणि पुढं पास देणारा भारतीय मिडफिल्डर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. अपुइया त्यातला एक. तो होता म्हणून आपण परदेशी खेळाडूंच्या जागा पुढं आणि मागं वापरू शकत होतो. तो गेला आणि परदेशी मिडफिल्डर योएल व्हान नीफ, त्या एकट्यावर सगळा भार आला. व्हान नीफ बॉल सुंदर खेळवतो, पण त्याच्या बाजूला पळणारा, बॉल काढून घेणारा माणूस पाहिजे, तो ह्या वर्षी कधी होता कधी नव्हता.

आकडे बघा म्हणजे पटेल. 2023-24 ला लीगमध्ये 22 मॅचमध्ये 42 गोल होते, ह्या वर्षी 24 मॅचमध्ये 29. नऊ जिंकल्या, नऊ बरोबरीत, सहा हरल्या, 36 पॉइंट, सहावा नंबर. त्या नऊ ड्रॉकडे बघा, हरणाऱ्या टीमचे आकडे असे नसतात. लढणारी टीम आहे, फक्त बॉल पुढं नेणारं कुणी नाहीये. आणि तरीसुद्धा शेवटच्या मॅचला, सहावी जागा पक्की करायची असताना, ह्याच क्रात्कीच्या पोरांनी बेंगळुरूच्याच मैदानावर 2-0 जिंकून दाखवलं होतं. अठरा दिवसांनी त्याच मैदानात पाच खाल्ले, मान्य. पण ज्या कोचनं डिसेंबर 2023 मध्ये, डेस बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेल्यावर, चालू सीझनमध्ये टीम हातात घेतली आणि कप जिंकून दिला त्याला एक उन्हाळा तरी त्याच्या मनासारखी माणसं द्या आणि मग हिशेब मागा.

प्रश्न: सगळे म्हणतायत की कॅप्टन झाल्यापासून छांगटेचा खेळ उतरला. मला तो खूप आवडतो. तुम्हाला पण असंच वाटतं का? आणि बिपिनबद्दल काय वाटतं? – कॉलेजमधली एक फॅन, विरार

नाही गं, मला अजिबात असं वाटत नाही, आणि हे बोलणाऱ्यांनी मॅच कितपत बघितल्या अशी मला शंका आहे. लालियानझुआला छांगटे डाव्या पायाचा आणि खेळतो उजवीकडून, म्हणजे त्याचं सगळं बळ आत घुसण्यात. त्याला बॉल पळता पळता मिळायला हवा, डिफेंडरच्या मागच्या मोकळ्या जागेत. ह्या वर्षी त्याला बॉल मिळत होता तो उभ्या उभ्या, लाइनला चिकटून, आणि समोर दोन माणसं. कुठलाही विंगर काय करणार?

24 एप्रिल 2024 ची गोव्यातली सेमीफायनल बघितली नसशील तर शोधून बघ. नव्वदाव्या मिनिटाला एफसी गोवा 2-0 नी पुढं, सगळं संपलेलं, अनेक जणांनी टीव्ही बंद केला असणार. मग छांगटेचा गोल, लगेच विक्रम प्रतापचा गोल, आणि शहाण्णवाव्या मिनिटाला परत छांगटे. 3-2! मी आयुष्यात बघितलेली ही सगळ्यात मोठी कलाटणी, आणि ती ज्यानं घडवली त्याला दहा महिन्यांत संपलेला म्हणायचं हे मला सहन होत नाही. कॅप्टनपदाचं ओझं वगैरे गप्पा आहेत. त्याला पास द्या, बाकीचं तो बघेल.

बिपिनबद्दलपण तू विचारलंयस. बिपिन सिंगनं आपल्या दोन्ही फायनलमध्ये गोल मारलाय, 2021 ला गोव्यातल्या फातोर्ड्यात नव्वदाव्या मिनिटाला आणि 2024 ला कोलकात्यातल्या सॉल्ट लेकवर एक्याऐंशीव्या. दोन्ही वेळा समोर बागानचीच टीम. ह्या माणसाबद्दल मी वाईट एक शब्द लिहिणार नाही.

प्रश्न: आमच्या ब्रँडनला तुम्ही घेतलात आणि वाया घालवलात, असं आम्हा गोंयकारांचं मत आहे. उत्तर द्या. – एक वाचक, मडगाव

अर्धं मान्य. ब्रँडन फर्नांडिस गोव्यात 2017 पासून खेळला, तिथं टीम त्याच्याभोवती बांधलेली होती, कॉर्नर त्याचे, फ्री किक त्याच्या, शेवटचा पास त्याचा. वर सांगितलेल्या सेमीफायनलमध्ये आमच्याविरुद्ध दुसरा गोल त्यानंच मारला होता, तेव्हा त्याची किंमत आम्हाला चांगली माहितीये. पण आमच्याकडं तो आला तो नोगेराच्या जागी बघितला गेला, आणि कधी कधी तर त्याच्याकडून अपुइयाचं कामसुद्धा अपेक्षित होतं, जे त्याचं नाहीच. ब्रँडन बॉल हिसकावून घेणारा खेळाडू नाही, तो बॉल मिळाल्यावर काय करायचं हे जाणणारा आहे. त्याच्या मागं दोन राबणारी माणसं ठेवा आणि मग बघा. माझ्या मते त्याला जाऊ देणं ही दुसरी मोठी चूक होईल, क्लबनं ती करू नये.

प्रश्न: शाहू स्टेडियमवर आमच्याकडं तालमींच्या मॅचला जेवढी गर्दी होते तेवढी अंधेरीत होत नाही. मग मुंबई सिटीत कोल्हापूरचा एक पोरगा का नाही? आम्ही हिंदी-इंग्लिश चॅनेलवर परक्यांनाच बघायचं का? – एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

भावा, ह्या प्रश्नाला माझ्याकडं बचाव नाही, तुझं बरोबर आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस ह्या तालमींच्या, म्हणजे तुमच्या फुटबॉल क्लबांच्या मॅचला आख्खी पेठ लोटते, पिढ्यान्‌पिढ्या घरात एकाच तालमीचा झेंडा, हे वेड देशात फार थोड्या ठिकाणी आहे. आणि खेळाडू नाहीत असंही नाही, अनिकेत जाधव तुमच्यातलाच, 2017 ला भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये खेळला आणि पुढं आयएसएलच्या बऱ्याच टीमकडून. अंधेरीतला क्लब मात्र मिझोराम, मणिपूरकडं जातो, जावंच, तिथली पोरं भारी आहेत, पण रात्रीच्या बसनं सकाळी पोचता येईल अशा कोल्हापुरात स्काउट दिसत नाही हे मला खटकतं. राहुल भेके मुंबईचा पोरगा, तो कॅप्टन म्हणून ट्रॉफी उचलतोय हे बघताना जी छाती फुगली होती ती भावना क्लबला कळत नसावी, नाहीतर त्याला सोडला नसता. महाराष्ट्रातली तीन-चार पोरं टीममध्ये असतील तर कोल्हापूरहून, पुण्याहून लोक मॅचला येतील, त्याला वेगळी जाहिरात लागणार नाही.

प्रश्न: मी कूपरेजवर महिंद्राचे, एअर इंडियाचे सामने बघत मोठा झालो. ते क्लब आज कुठे आहेत? तुमचा हा क्लबही पैसेवाल्यांचा. ते उद्या कंटाळले तर? एवढा जीव का लावता? – निवृत्त बँक कर्मचारी, दादर

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ला नॅशनल लीग जिंकली आणि 2010 ला टीम बंद झाली, चॅम्पियन झाल्यावर चार वर्षांत. मुंबई एफसी 2007 ला आला, 2017 ला आय-लीगमधून खाली गेला आणि तोही संपला. ज्या शहरात रोव्हर्स कप 1891 ला सुरू झाला तिथं क्लब असे पुसले गेले, तेव्हा तुमची भीती मला खोटी वाटत नाही. मुंबई सिटी 2014 चा, 2019 ते 2025 त्यात मोठा वाटा मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपचा होता, निर्णय कुठं होतात हे आपल्याला दिसत नव्हतं, हेही खरं.

पण जीव लावायचं कारण सांगतो. एप्रिल 2022 ला रियाधमध्ये ह्या क्लबनं इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 हरवलं, आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय, भेकेच्या हेडरवर. पुढच्या वेळी सहाच्या सहा हरलो, सौदीच्या अल हिलालनं त्यांच्या घरी सहा मारले, तरी 6 नोव्हेंबर 2023 ला त्यांच्याशीच परतीच्या मॅचला डी वाय पाटीलवर तीस हजारांच्या आसपास लोक आले होते. त्यांचा नेमार जखमी आहे, येणार नाहीये हे माहिती असून आले. 2-0 हरलो आणि शेवटपर्यंत गाणी चालू होती. काका, हे लोक मालकांचे नाहीत, ते शहराचे आहेत. महिंद्राच्या वेळी स्टँडमध्ये अशी संघटित माणसं फार नव्हती, आज वेस्ट कोस्ट ब्रिगेड हा फॅन ग्रुप आहे, ढोल आहेत, बॅनर आहेत, बापाच्या खांद्यावर बसून येणारी पोरं आहेत. मालक बदलले तर भांडायला कुणीतरी असेल. तुम्ही एकदा अंधेरीला या, मेट्रोनं आझाद नगरला उतरलात की स्टेडियम पायी आहे.

प्रश्न: बेस्ट सीझन कोणता, 2020-21, 22-23 की 23-24? – ठाण्याहून तिघा मित्रांचं भांडण

खेळ म्हणाल तर 2022-23, वादच नाही. 20 मॅच, 54 गोल, पहिल्या 18 मॅच एकही हार नाही, फातोर्ड्यात गोव्याला 5-3 हरवून शिल्ड (लीगमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमची; कप मात्र फायनल जिंकणाऱ्याचा) पक्की केली तीसुद्धा दोन मॅच शिल्लक असताना. ग्रेग स्टुअर्ट, नोगेरा, अपुइया एकत्र खेळताना बघितलेत ना, पुन्हा मिडफिल्डच! ट्रॉफ्या मोजायच्या तर 2020-21, शिल्ड आणि कप दोन्ही. त्यानंतर असं डबल जमलं ते थेट 2024-25 ला मोहन बागानला, आणि त्यांच्या मधल्या फळीत कोण होता ते लिहायला माझा हात जड होतोय.

पण मला विचाराल तर 2023-24. 15 एप्रिलला सॉल्ट लेकवर फक्त ड्रॉ हवा होता, 2-1 हरलो, शिल्ड एका पॉइंटनं गेली, 48 आणि 47. एकोणीस दिवसांनी तेच मैदान, तीच टीम, तीच गर्दी, परत आधी गोल खाल्ला, आणि मग 3-1. वोयतुशनं सत्त्याण्णवाव्या मिनिटाला तिसरा मारला तेव्हा समोरचा आख्खा स्टँड रिकामा व्हायला लागला होता.

प्रश्न: पुढच्या सीझनसाठी एकच माणूस घ्यायचा झाला तर? – एक वाचक, नाशिक

2024-25 च्या टीमकडं बघितलं तर स्ट्रायकर म्हणून करेलिस पुरे होता, तोरालवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती, मागं डिफेन्सला तिरी आणि मेहताब होते. माणूस मधलाच घ्या, आणि भारतीय घ्या. पंचवीसच्या आतला, ऐंशी मिनिटं पळू शकणारा, नाव नसलं तरी चालेल, आय-लीगमधून आणा, मणिपूरमधून आणा, कोल्हापुरातून आणा. त्याला व्हान नीफच्या शेजारी दहा मॅच सलग खेळवा, एखादी वाईट गेली म्हणून बसवू नका. आणि तो चांगला निघाला की मोठा करार करून ठेवा, पुढच्या मे महिन्यात दुसऱ्या कुणाच्या जर्सीत त्याचा फोटो बघायची वेळ आणू नका.