त्वचा संरक्षक आवरण असूनही तिला स्पर्श इतका बारकाईने कसा कळतो?

ही दोन कामे त्वचेच्या वेगवेगळ्या थरांत वाटली गेली आहेत. संरक्षणाचा मुख्य भार बाह्यत्वचेवर असतो. तिच्या सर्वांत वरच्या पापुद्र्यातील पेशी मृत, चपट्या आणि केराटिन या प्रथिनाने भरलेल्या असतात, त्यांच्यामधील फटी स्निग्ध पदार्थांनी बुजलेल्या असतात आणि त्यामुळे शरीरातील पाणी सहजी बाहेर जात नाही व जंतू सहजी आत येत नाहीत. तळाशी तयार झालेली पेशी साधारण चार आठवड्यांत पृष्ठभागावर येऊन गळून पडते. म्हणजे हे आवरण झिजण्यासाठीच घडलेले आहे, असे म्हटले तरी चालेल. मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणांचा बराचसा भाग शोषून घेते.

संवेदनेची व्यवस्था मात्र मुख्यतः त्याखालच्या जिवंत थरांत असते. हलका स्पर्श माइसनर कणिका (आवरणात गुंडाळलेली चेतातंतूंची सूक्ष्म टोके) टिपतात, कंपने खोलवरच्या, तशाच पॅसिनी कणिका टिपतात, तर वेदना आणि तापमान यांची जाणीव मोकळ्या चेताटोकांमुळे होते. उष्णतेची वेदना सुमारे ४३ अंश सेल्सिअसपासून सुरू होते, कारण त्या तापमानाला चेताटोकांवरील एक विशिष्ट आयनमार्ग (विद्युतभारित कणांना पेशीत शिरू देणारे प्रथिनाचे दार) उघडतो. तापमान व स्पर्शाची संवेदना टिपणारे असे ग्राहक (रिसेप्टर) शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

ही संवेदनशीलता सर्वत्र सारखी नसते. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावरील दोन टोचण्या वेगळ्या ओळखू येतात, पाठीवर मात्र त्यासाठी काही सेंटिमीटर अंतर लागते.